चौकडी तीच, डाव नवा

(दृश्य: पुणे, येरवडा. पूना क्लबचा अठरा होलांचा गोल्फ कोर्स. ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक गवतावर, दव; कॅडी बॅगा खांद्यावर घेतायत.)

रविवारी उजाडता उजाडता पहिल्या टीवर, म्हणजे होल जिथून सुरू होतं तिथे, चौघं जमतात. माणसं तीच, वेळ तीच आणि खेळही तोच: सगळे फटके मोजायचे, ज्याचे कमी तो जिंकला. सातव्या होलवर एकाचा चेंडू दोनदा झाडीत जातो, कार्डावर 9 पडतात आणि पुढची अकरा होलं तो नुसती ओढत नेतो. यात दोष त्याच्या स्विंगचा कमी, मोजणीचा जास्त. अशा मोजणीत, म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये, एक फसलेलं होल शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. म्हणून चौकडी तीच ठेवा, डाव बदला.

(दृश्य: स्कोअरकार्ड जवळून. स्ट्रोक इंडेक्सच्या, म्हणजे होलांच्या अवघडपणाच्या क्रमाच्या, ओळीवर पेन्सिलीचे ठिपके.)

कुठलाही डाव मांडायचा तर आधी हँडिकॅपचा, म्हणजे कुवतीनुसार मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांचा, हिशेब, आणि तोही पहिला फटका बसण्यापूर्वी. समजा चौघांचे हँडिकॅप 6, 11, 18 आणि 24 आहेत. सगळ्यांत कमी असलेल्याला शून्य धरा. बाकीच्यांना फरकाइतके, म्हणजे 5, 12 आणि 18 स्ट्रोक मिळतात. 12 मिळाले त्याने स्ट्रोक इंडेक्स 1 ते 12 असलेल्या होलांवर एकेक ठिपका द्यायचा; ठिपक्याच्या होलवर त्याचा एक फटका कमी धरायचा. हे ठिपके आधी दिले नाहीत, तर नवव्या ग्रीनवर हमखास वाद होतो.

सर्वांत सोपा बदल म्हणजे स्टेबलफोर्ड. फ्रँक स्टेबलफोर्ड हे डॉक्टर. लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबात 16 मे 1932 रोजी त्यांच्या पद्धतीची पहिली स्पर्धा झाली. यात मात्र फरक काढायचा नाही, प्रत्येकाला स्वतःचे पूर्ण स्ट्रोक मिळतात. ते वजा करून पार (होलचे ठरलेले फटके) आला तर 2 पॉइंट, बोगीला (एक जास्त) 1, बर्डीला (एक कमी) 3, ईगलला (दोन कमी) 4. डबल बोगी किंवा त्याहून वाईट असेल तर शून्य. म्हणजे 18 हँडिकॅपवाल्याने पार 4 च्या होलवर 5 मारले, तरी 2 पॉइंट खिशात. अठरा होलांत 36 झाले की तो आपल्या हँडिकॅपला खेळला. पॉइंटची आशा संपली की चेंडू उचलायचा. तेच 9 इथे फक्त एक शून्य होतात, आणि मागची मंडळी कमरेवर हात ठेवून उभी राहत नाहीत.

(दृश्य: टी बॉक्स. एक जण ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा लांब फटका, मारून बाजूला होतो आणि दुसऱ्याच्या चेंडूकडे बघतो.)

खरी गंमत मात्र वुल्फमध्ये, म्हणजे लांडग्यात. टीवरचा क्रम ठरवून घ्या आणि प्रत्येक होलवर तो एकाने पुढे सरकवा. पहिला मारणारा लांडगा. दुसऱ्याचा ड्राइव्ह पडला की तिसरा मारण्याआधी लांडग्याने सांगायचं, हा माझा जोडीदार की नाही. एकदा नाही म्हटलं की परत बोलावता येत नाही. तिघांनाही नाकारलं, तर तो एकटा तिघांविरुद्ध. प्रत्येक बाजूचा सर्वांत कमी स्कोअर धरायचा. एक चालणारी पॉइंटपद्धत अशी: लांडग्याची जोडी जिंकली तर दोघांना 2-2, समोरची जोडी जिंकली तर त्यांना 3-3. एकटा लांडगा जिंकला तर 4, हरला तर बाकी तिघांना एकेक. बरोबरी झाली तर कुणालाच काही नाही. सोळा होलांत प्रत्येक जण चारदा लांडगा होतो; सतरा-अठराला हा मान सगळ्यांत मागे असलेल्याला द्यावा.

इथे नवखे चुकतात ते लांब ड्राइव्हला भुलून. इंडेक्स 2 च्या होलवर ठिपका असलेला खेळाडू फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यात) दोनशे यार्डांवर असेल, तर त्याचे 5 म्हणजे 4. अडीचशे यार्ड मारून रफमध्ये (बाजूच्या उंच गवतात) गेलेल्या बिनठिपक्याच्या माणसापेक्षा तोच जोडीदार शहाणपणाचा. चेंडू बघायचा, तसं कार्डही बघायचं.

बिंगो-बँगो-बाँगो हा कमी ताकदीच्या खेळाडूंचा हक्काचा डाव. ग्रीनवर पहिला पोचणाऱ्याला एक पॉइंट, चारही चेंडू ग्रीनवर आल्यावर झेंड्याच्या सर्वांत जवळ असलेल्याला एक, आणि सर्वांत आधी होल पुरा करणाऱ्याला एक. अठरा होलांत 54. अट एकच: झेंड्यापासून लांब असलेल्याने आधी खेळायचं, अगदी काटेकोरपणे. घाईत ‘मी मारून घेतो’ म्हटलं की पॉइंटच पळवला. त्यामुळे हा डाव थोडा रेंगाळतो. कोर्सवर गर्दी असेल त्या दिवशी टाळलेला बरा. पार 3 वर टीवरून आधी मारणाऱ्याला आयता फायदा मिळतो, म्हणून तिथे पॉइंटांत मागे असलेल्याला पहिला फटका द्या.

चौथा गडी ऐन वेळी गळाला? प्रत्येक होलवर तिघांत नऊ पॉइंट वाटा, कमी फटक्यांच्या क्रमाने: 5, 3, 1. वरचे दोघे बरोबरीत असतील तर 4-4-1, खालचे दोघे असतील तर 5-2-2, तिघेही असतील तर 3-3-3.

(दृश्य: जुलैची सर. फेअरवेवर चेंडू चिखलात रुतलेला.)

पावसाळ्यात चेंडू घरंगळत नाही, जिथे पडतो तिथेच बसतो. तेव्हा आणखी एक चौकडी गाठून चार-चारच्या दोन टोळ्या करून स्क्रॅम्बल लावावा. चौघंही मारतात, सर्वांत चांगला चेंडू निवडायचा आणि पुढचा फटका सगळ्यांनी तिथूनच. टोळीचा हँडिकॅप काढताना सर्वांत कमी असलेल्याचे 25 टक्के, मग 20, 15 आणि 10. आपल्या चौघांचे 1.5, 2.2, 2.7 आणि 2.4, बेरीज 8.8, म्हणजे 9. प्रत्येकाचे किमान तीन ड्राइव्ह वापरायचेच, अशी अट घाला. नाहीतर एकटाच मारतो आणि तिघं छत्री धरतात.

(दृश्य: अठरावी ग्रीन. चौघं, चार चेंडू, पलीकडे क्लबहाउस.)

आणि स्किन्स. होल निर्विवाद जिंकलं तर एक स्किन, म्हणजे त्या होलचं बक्षीस. बरोबरी झाली तर ते पुढच्या होलवर जमा. तीन होलं सुटली नाहीत, की चौथ्यावर चार स्किन्स असतात आणि तीन फुटांचा पटही (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा फटका) हात कापवतो. अठराव्यावरही बरोबरी झाली तर काय, हे सकाळीच ठरवा: ग्रीनच्या कडेवरून प्रत्येकी एक चिप (छोटा उचललेला फटका) मारून जवळचा जिंकेल, की शिल्लक स्किन्स पुढच्या रविवारच्या पहिल्या होलवर जातील.