दुखणे नसलेल्या दिवशी

वर्धा नदीच्या काठावरच्या या गावात आषाढी एकादशी होऊन आठ-दहा दिवस झाले आहेत. लग्नसराई संपली आहे आणि वरातीची ही पांढरी घोडी कोठ्याच्या दाराशी बांधलेली आहे. उन्हाळाभर तिच्या पाठीवर जरीची झूल आणि कपाळावर गोंडे असत. आज तिच्या अंगावर काहीही नाही, म्हणूनच तिच्याकडे नीट पाहता येते. तिला कोणताही आजार नाही. तरीही पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टर मॅडम सकाळीच येऊन पोहोचल्या आहेत.

जबड्याच्या हाडाखाली दोन बोटे टेकवून त्या घड्याळाकडे पाहत नाडी मोजतात. शांत उभ्या असलेल्या निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16 असतो. अंगाचे तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअसच्या आसपास राहते. हे आकडे मालकाला पाठ असायला हवेत, कारण आपले जनावर बरे असताना कसे असते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला बिघाड फार उशिरा कळतो.

आता नालबंद घोडीचा पुढचा पाय गुडघ्यात दुमडून आपल्या मांड्यांमध्ये धरतो. गेल्या आठवड्यातल्या पावसाची काळी माती खुरात घट्ट बसली आहे. ती आकडीने टाचेकडून पुढे खरवडून काढल्यावर तळव्याच्या मधोमध असलेला त्रिकोणी, रबरासारखा भाग उघडा पडतो. तिथे काळा, चिकट आणि दुर्गंधीयुक्त स्राव दिसला, तर खूर सडू लागला आहे असे समजावे. विदर्भाच्या काळ्या जमिनीत, ओल्या कोठ्यात आणि शेणमुतात उभ्या राहणाऱ्या जनावराला हा त्रास सहज होतो, आणि रोज खूर साफ करणे व उभे राहण्याची जागा कोरडी ठेवणे, एवढ्याने तो बहुतांशी टळतो. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतो. म्हणूनच नाल झिजलेली नसली, तरी दर सहा ते आठ आठवड्यांनी ती काढून वाढलेला खूर पकडीने कापावा लागतो, कानशीने सपाट करावा लागतो आणि मगच नाल पुन्हा ठोकावी लागते. खिळा खुराच्या बाहेरच्या, संवेदना नसलेल्या भागातूनच गेला पाहिजे. या नालबंदाचा हात प्रत्येक ठोक्यानंतर क्षणभर थांबतो तो त्यासाठीच.

घोडीच्या जबड्यात तोंड उघडे ठेवणारी लोखंडी चौकट बसवली आहे. बॅटरीच्या उजेडात मागच्या दाढा दिसतात. घोड्याच्या दाढा झिजत जातात आणि तितक्याच हिरडीतून वर सरकत राहतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड न झिजता धारदार होते, आणि ती गालाला व जिभेला कापत राहते. असे जनावर कडब्याचे अर्धवट चावलेले बोळे तोंडातून टाकते आणि त्याच्या लिदीत अख्खे दाणे दिसतात. वरातीत लगाम ओढला की ते मान झटकते, आणि लोक त्याला द्वाड ठरवून चाबूक उगारतात. आमच्या मते या सगळ्या तपासणीत सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे : ज्याला आपण खोड म्हणतो, ती पुष्कळदा दाढेची जखम असते. वर्षातून एकदा तोंड तपासून लांब दांड्याच्या कानशीने त्या कडा बोथट केल्या, की घोडी पुन्हा निवांतपणे चावू लागते.

जंताचे औषध अंदाजाने देऊ नये. ते वजनावर ठरते. तराजू नसला, तरी शिंप्याची टेप पुरते. छातीच्या घेराचा सेंटिमीटरमधला आकडा त्याच आकड्याने गुणावा, त्याला खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि आलेल्या संख्येला 11,880 ने भागावे. या घोडीचा घेर 160 आणि लांबी 140 सेंटिमीटर आहे, म्हणजे तिचे वजन सुमारे 300 किलो भरते. लिदीचा नमुनाही डबीत घेतला आहे. त्यातील जंतांची अंडी मोजून औषधाची गरज ठरवली, तर ते उगाच दिले जात नाही आणि त्याचा गुणही टिकून राहतो.

मानेवर दिली जाणारी ही सुई धनुर्वाताच्या लसीची आहे. त्याचे जंतू माती आणि लिदीतच असतात, आणि खिळ्याच्या एका जखमेतून ते आत शिरतात. धनुर्वात झालेला घोडा बहुधा वाचत नाही. पावसाळ्यात चावऱ्या माशांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगासाठी, आणि माणसालाही होऊ शकणाऱ्या ग्लँडर्ससाठी रक्ताचे नमुने घेतले आहेत. ग्लँडर्सवर लस नाही, आणि तो झाल्याचे निश्चित झाले तर कायद्याने जनावराला दयामरण द्यावे लागते.

पहिल्यांदाच लस घेणाऱ्या घोड्याला चार ते सहा आठवड्यांनी दुसरी सुई लागते, आणि पुढे दरवर्षी एक. मालकाने चुलीतला कोळसा आणून कोठ्याच्या भिंतीवर दुसऱ्या सुईचा दिवस लिहिला आहे. मोजून सहाव्या आठवड्यात तो पोळ्याच्या आदल्या दिवशी येतो. गावातल्या बैलांची खांदशेकणी त्याच संध्याकाळी असते.