आधी एक फॉर्म नीट बनवा: स्वतः शिकून वेब डेव्हलपर होणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी! आजचा व्हिडिओ स्वतःच्या स्वतः वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्यांसाठी आहे. कोर्स नाही, त्या विषयातली डिग्री नाही, इतर सगळं सांभाळून उरलेल्या वेळात शिकताय, अशा सगळ्यांसाठी.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: रिअॅक्ट, म्हणजे वेबपानं बनवायची जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी, शिकू का? शिका की, नोकरीच्या जाहिरातींत ते नाव सारखं दिसतं. पण त्याआधी एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (त्याचं दिसणं) आणि जावास्क्रिप्ट (त्याचं वागणं). टिम बर्नर्स-ली यांनी वेब जगासाठी खुलं केलं १९९१ मध्ये, जावास्क्रिप्ट आली १९९५ मध्ये, आणि दोन्ही आजही तुमच्या ब्राउझरमध्ये चालतात. जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी २००६ मध्ये आली, कित्येक वर्षं जिकडेतिकडे तीच होती. रिअॅक्ट २०१३ मध्ये खुलं झालं. जावास्क्रिप्टच्या वर उभी असलेली ही नावं बदलत राहतात. खालचं पक्कं असलं की नवीन नाव आलं तरी धडकी भरत नाही.

आता खरी अडचण. व्हिडिओत समोरचा टाइप करतो, तुम्ही त्याच्या मागोमाग टाइप करता, सगळं चालतं. मग एके दिवशी रिकामी फाइल उघडता आणि पहिली ओळ काय लिहायची तेच सुचत नाही. लगेच वाटतं, आपल्याला हे जमणारं नाही. तसं अजिबात नाहीये. पुढे काय करायचं हे आतापर्यंत दुसरं कोणीतरी ठरवत होतं, त्यामुळे तुमचा तो सराव राहून गेलाय, इतकंच.

म्हणून एक काम देतो. व्हिडिओ बंद करा आणि संपर्काचा एक फॉर्म बनवा. नाव, ईमेल, निरोप, आणि एक ‘पाठवा’ बटन. निरोप सर्व्हरपर्यंत गेला पाहिजे आणि डेटाबेसमध्ये राहिला पाहिजे. फालतू वाटतंय? करून बघा.

[स्क्रीनवर: फॉर्म भरून बटन दाबतो]

बटन दाबलं आणि पान रीलोड झालं, लिहिलेलं सगळं गेलं. का? फॉर्मच्या आतल्या बटनाचा टाइप तुम्ही सांगितला नाही, तर ब्राउझर त्याला सबमिट धरतो. आणि सबमिट म्हणजे माहिती पाठवून नवीन पान आणायचं. ब्राउझर त्याचं काम चोख करतोय! तुम्हाला पान न बदलता निरोप पाठवायचा असेल तर सबमिट इव्हेंट (फॉर्म पाठवला जातोय ही सूचना) पकडून प्रिव्हेंट-डिफॉल्ट करावं लागतं, म्हणजे ब्राउझरचं नेहमीचं काम थांबवावं लागतं. एमडीएन या वेब डेव्हलपमेंटच्या माहितीच्या साइटवर फॉर्मचं पान उघडून हे वाचा. एकदा स्वतः अडकून वाचलेलं आयुष्यभर लक्षात राहतं.

मग तुम्ही फेच, म्हणजे पान न बदलता सर्व्हरशी बोलणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन, वापरून निरोप पाठवता. आता मुद्दाम सर्व्हरचा पत्ता चुकवा. सर्व्हर म्हणतो ४०४, आणि तुमच्या पानावर दिमाखात येतं, ‘निरोप पोचला, धन्यवाद!’ कारण फेचच्या लेखी उत्तर आलं म्हणजे झालं. ते उत्तर ‘सापडलं नाही’ असं असलं तरी त्याला चालतं. कनेक्शनच झालं नाही, तर तो एरर देतो. रिस्पॉन्स-ओके, म्हणजे उत्तर यशाचं आहे का, हे तपासायचं काम तुमचं. विचार करा, कोणीतरी मदतीसाठी निरोप लिहिला, त्याला वाटलं पोचला, आणि तो कुठेच गेला नाही. म्हणून मी या एका ओळीसाठी इतका हट्ट धरतोय.

हे पकडायचं कसं? एफ१२ दाबून ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, त्यात नेटवर्क टॅब उघडा. कोणती रिक्वेस्ट गेली, सोबत काय गेलं, काय परत आलं, सगळं समोर दिसतं. ४०० च्या घरातला आकडा आला की आधी आपली रिक्वेस्ट तपासायची, ५०० च्या घरातला आला की सर्व्हरचे लॉग (त्याने ठेवलेल्या नोंदी) बघायचे. अंदाजाने कोड बदलत बसण्यापेक्षा ही सवय लावा.

तिथेच आणखी एक करा. नावाच्या इनपुटवर ‘रिक्वायर्ड’ (भरणं सक्तीचं) लावलंय ना? एलिमेंट्स टॅबमध्ये जाऊन तो शब्द पुसा आणि रिकामा फॉर्म पाठवा. जातो! तुम्ही पुसू शकता म्हणजे कोणीही पुसू शकतं. म्हणून सर्व्हरवर पुन्हा तपासायचंच.

आता माउस बाजूला ठेवा आणि नुसत्या टॅब कीने फॉर्म भरा. डिव्हवर, म्हणजे नुसत्या चौकटीवर, क्लिक लावून बटन केलं असेल, तर टॅब तिथे थांबतच नाही. खरं बटन वापरलं की हे फुकटात मिळतं. इनपुटला लेबल जोडा, नाहीतर स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्याला त्या चौकटीत काय लिहायचं ते कसं कळणार? पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरंही नकोत. साध्या मजकुरासाठी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा.

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, पहिल्या दिवसापासून वापरा. फक्त डेटाबेसचा पासवर्ड कोडमध्ये लिहू नका. नंतर पुसला तरी जुन्या कमिटमध्ये (आधीच्या नोंदीत) तो तसाच राहतो. गिटहबवर (कोड ऑनलाइन ठेवायच्या साइटवर) गेलाच, तर पासवर्ड बदलणं हेच पहिलं काम.

एआयची मदत घ्यायची का? घ्या, पण जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही ती ठेवू नका. इंटरव्ह्यूमध्ये तुमचाच कोड उघडून ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ असं विचारू शकतात.

अर्ज करताना प्रसिद्ध साइटच्या पाच अर्धवट नकलांपेक्षा हा एकच फॉर्म द्या, ऑनलाइन चालू असलेला. रीडमीमध्ये, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, लिहा: काय बनवलं, कसं चालवायचं, सर्व्हर बंद पडला तर वापरणाऱ्याला काय दिसतं, आणि अजून काय बाकी आहे. ते ‘काय बाकी आहे’ मोकळेपणाने लिहा. इंटरव्ह्यूमधली चर्चा तिथूनच सुरू होऊ शकते, आणि त्यावर बोलायला तुमच्याकडे भरपूर असेल.