गंज स्थिर करणारे जिवाणू

श्रोतेहो, नमस्कार. जमिनीतून किंवा समुद्रतळातून बाहेर काढलेला लोखंडी खिळा, बाणाचे टोक किंवा तोफगोळा वर येतो तेव्हा बहुधा धडधाकट दिसतो. मातीत शेकडो वर्षे तग धरलेली तीच वस्तू कपाटात ठेवली की काही महिन्यांत तडकू लागते आणि तिचे पापुद्रे सुटतात. दमट दिवसांत तिच्यावर पिवळट-तपकिरी थेंबही जमतात. जतनाच्या प्रयोगशाळांमध्ये याला ‘लोखंड रडतंय’ असे म्हणतात.

यामागे असते क्लोराइड, म्हणजे मिठातला क्लोरीनचा अंश. लोखंड गंजत असताना क्लोराइड गंजाच्या थराखाली, अगदी धातूला लागून, साचत जाते. तिथे आम्लधर्मी फेरस क्लोराइडचा द्राव तयार होतो. वस्तू बाहेर आली, वाळू लागली, गंजाला भेगा पडल्या आणि हवा आत शिरली, की या द्रावापासून ॲकागानाइट नावाचा गंज वाढतो. ओल धरलेल्या भिंतीचा गिलावा फुगून सुटावा, तसा तो वरचा थर ढकलून देतो. वस्तूचा मूळ आकार, नक्षी, ठोक्यांच्या खुणा हे सगळे त्या वरच्या थरातच असते. थर गेला की हाती उरतो तो बेढब गोळा.

आजवरचा खात्रीचा उपाय म्हणजे अल्कधर्मी सल्फाइटचे स्नान. लिटरभर पाण्यात ४ ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि सुमारे ६ ग्रॅम सोडियम सल्फाइट घालून, झाकणबंद भांड्यात, ६० अंश सेल्सिअसला वस्तू बुडवून ठेवायची. द्राव वारंवार बदलायचा आणि प्रत्येक द्रावात किती क्लोराइड उतरले ते मोजायचे. उपाय चांगला आहे, पण त्यात महिने जातात आणि दाहक सांडपाण्याचे पिंपच्या पिंप उरते. दुसरा मार्ग कोरड्या साठवणीचा. ॲकागानाइटला टेकलेले लोखंड हवेतली सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असली तरी गंजत राहते. इतकी कोरडी हवा कायम राखणे किती अवघड आहे, हे सिलिका जेलचे डबे सांभाळणाऱ्यांना विचारावे.

अशा ठिकाणी जिवाणूंचा विचार सुरू झाला. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात राहणाऱ्या काही जिवाणूंना श्वसनासाठी ऑक्सिजन लागत नाही. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन ते फेरिक लोखंडाला, म्हणजे थेट गंजाला, देऊन टाकतात. इलेक्ट्रॉन मिळाला की फेरिकचे फेरस, म्हणजे पाण्यात सहज विरघळणारे लोखंड, होते आणि हे फेरस लोखंड आसपासच्या रसायनांशी जुळून नवे खनिज बनवते. जिओबॅक्टर, शेवानेला आणि डेसल्फिटोबॅक्टेरियम ही या कामातली ओळखीची नावे. स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल विद्यापीठाच्या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात डेसल्फिटोबॅक्टेरियम हाफ्निएन्सेचे दोन वाण गंजलेल्या लोखंडी पट्ट्यांवर वापरले. टीसीई-१ या वाणाने पट्टीच्या ८० टक्के पृष्ठभागावर व्हिव्हियानाइट या फेरस फॉस्फेटचा एकसारखा थर बसवला. एलबीई या वाणाने जेमतेम १० टक्के भाग झाकला. एकाच जातीच्या दोन वाणांत एवढा फरक! म्हणून नुसते जातीचे नाव वाचून जिवाणू मागवू नयेत, वाणाचा क्रमांक पाहावा. टीसीई-१ पुढे प्रत्यक्ष पुरातन वस्तूंवरही वापरला गेला, तेव्हा व्हिव्हियानाइटबरोबर मॅग्नेटाइट हे लोखंडाचे काळे ऑक्साइडही तयार झाले.

यातले आपल्याला हवे ते मॅग्नेटाइट. एक घनसेंटिमीटर लोखंडाचे गोएथाइट, म्हणजे नेहमीचा तपकिरी गंज, झाले तर ते जवळपास तीन घनसेंटिमीटर जागा व्यापते. मॅग्नेटाइट झाले तर दोनाहून किंचित जास्त. म्हणजे गोएथाइटचे मॅग्नेटाइटमध्ये रूपांतर होताना थर फुगत नाही, उलट आवळतो. शिवाय ते काळे, घट्ट आणि हवेत बऱ्यापैकी टिकाऊ असते. व्हिव्हियानाइट ताजे असताना रंगहीन असते, उजेड आणि हवा लागली की निळे पडते, आणि रेणूत पाणी धरून असल्यामुळे जागाही पुष्कळ घेते. व्हिव्हियानाइटचा जाड थर पाहून कुणी खूश होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पातळ थर चालेल.

कोणते खनिज मिळेल हे बरेचसे आपण पाण्यात काय घालतो त्यावर ठरते. फॉस्फेट भरपूर असले तर व्हिव्हियानाइट, बायकार्बोनेट भरपूर असले तर सिडेराइट, म्हणजे फेरस कार्बोनेट, आणि दोन्ही बेताचे असले तर फेरस लोखंडाला उरलेल्या गंजाशी जुळून मॅग्नेटाइट व्हायला वाव मिळतो. हिशेब सोपा आहे. जिवाणूंना अन्न म्हणून लॅक्टेट देतात; त्याचा एक रेणू ॲसिटेटपर्यंत वापरला गेला की चार फेरिक अणूंचे फेरस होते. लिटरमागे १० मिलिमोल (मोल हे रेणूंची संख्या मोजण्याचे एकक), म्हणजे १.१ ग्रॅम सोडियम लॅक्टेट घातले, तर जास्तीत जास्त ४० मिलिमोल फेरस मिळेल. गोएथाइटच्या वजनात सांगायचे तर साडेतीन ग्रॅम. हे सारे फेरस व्हिव्हियानाइटमध्ये अडकायला सुमारे २७ मिलिमोल फॉस्फेट लागते. आपण फॉस्फेट एक-दोन मिलिमोलवरच ठेवले, म्हणजे जिवाणूंच्या पोषणापुरतेच दिले, तर बाकीचे फेरस मोकळे राहते.

आता द्रावाची तयारी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या नेहमीच्या कृतींमध्ये अमोनियम क्लोराइड, मॅग्नेशियम क्लोराइड, मीठ असे बरेच काही असते. जे क्लोराइड वस्तूतून काढायचे तेच द्रावात घालणे म्हणजे उलटेच काम. शिवाय वस्तूतून किती उतरले ते मोजताही येत नाही. अमोनियम क्लोराइडच्या जागी थोडे डायअमोनियम फॉस्फेट घ्या आणि ते फॉस्फेटच्या वरच्या हिशेबात धरा. मॅग्नेशियम सल्फेटच्या रूपात अगदी कमी द्या. सामू ७ च्या आसपास राखायला हेपेससारखा सेंद्रिय बफर वापरा, कारण फेरिकचे फेरस होताना आम्ल खर्ची पडते आणि सामू वर चढत जातो. शेवानेला वापरणार असाल तर ती आधी हवेत, नेहमीच्या पोषक द्रावात रात्रभर वाढवता येते. हा तिचा मोठा फायदा. पण त्या द्रावातही मीठ असते, म्हणून सेंट्रिफ्यूज करून जिवाणू क्लोराइडमुक्त बफरने तीनदा धुवा आणि मगच वस्तूकडे न्या.

द्राव उकळून, नायट्रोजनचे बुडबुडे सोडत थंड करायचा, ब्यूटाइल रबरची बुचे लावायची आणि १२१ अंशांवर २० मिनिटे निर्जंतुक करायचा. पुराणवस्तू अर्थातच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या भांड्यात, जात नाही. ती ७० टक्के इथेनॉलने पुसून नायट्रोजनच्या पेटीत द्रावात सोडतात. ऑक्सिजन दाखवणाऱ्या रेझाझुरिन या रंगाचे काही थेंब द्रावात असू द्या. द्राव गुलाबी दिसला तर ऑक्सिजन आत शिरला आहे, आणि पुढचे काम तिथेच थांबवावे. गळती तशीच राहिली तर विरघळलेले फेरस पुन्हा नारिंगी कापशी गंज होऊन नक्षीवर बसते, आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते. तापमान ३० अंश ठेवावे आणि भांडे ढवळू नये.

दर दोन दिवसांनी सिरिंजने अर्धा मिलिलिटर द्राव काढून तो लगेच ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात टाका, म्हणजे फेरसचे हवेत पुन्हा फेरिक होत नाही. मग फेरसशी जुळून रंग देणारे फेरोझिन घालून ५६२ नॅनोमीटरला जांभळा रंग मोजा. आकडा चढत जातो, पुढे त्याची चढण मंदावते. जिवाणू मेले, हेच त्यामागे असते असे नाही. तयार झालेले फेरस गंजाच्या कणांवर चिकटून बसते आणि जिवाणूंची वाट अडवते. गोएथाइटसारख्या नीट स्फटिक झालेल्या गंजावर हे लवकर घडते, लेपिडोक्रोसाइट हा गंजाचा आणखी एक प्रकार आणि ॲकागानाइट त्या मानाने सहज वापरले जातात. आलेख सपाट झाला की थांबावे. आणखी लॅक्टेट ओतून ओढाताण केली, तर रूपांतर होण्याऐवजी थर विरघळायला लागतो आणि वस्तूची मूळ रेषा त्याबरोबर जाते.

भांडे उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास आला आणि काळा गाळ दिसला, तर सल्फाइड तयार झाले आहे असे समजा. बहुधा सल्फेटवर जगणारे परके जिवाणू शिरलेले असतात. कधी कधी दोष आपलाच असतो. ऑक्सिजन काढायला सोडियम सल्फाइड किंवा थायोसल्फेट घातलेले असते, आणि थायोसल्फेटपासून शेवानेला स्वतःच सल्फाइड बनवते. ही रसायने इथे वर्ज्य समजा. आणि शेजारी दोन भांडी हवीतच: एकात जिवाणूंशिवाय तोच द्राव आणि गंजलेली पट्टी, दुसऱ्यात जिवाणूंसह तशीच पट्टी. त्याशिवाय कोणता बदल जिवाणूंनी केला आणि कोणता नुसत्या पाण्याने, हे सांगता येणार नाही.

वस्तू बाहेर काढताना घाई नडते. ती ऑक्सिजन काढलेल्या शुद्ध पाण्याने, नायट्रोजनमध्येच, दोन-तीनदा धुवावी, इथेनॉलच्या तीन स्नानांतून न्यावी आणि कोरड्या नायट्रोजनच्या झोतात वाळवावी. धुण्याच्या पाण्यातले क्लोराइड दर वेळी मोजा. वापरलेला द्राव सांडण्याआधी पुन्हा ऑटोक्लेव्ह करायचा.

या पद्धतीला वस्तूही निवडूनच द्यावी. आधी क्ष-किरण चित्र काढा. आत धातू उरलाच नसेल, तर ॲकागानाइटचा धोका जवळपास संपलेला असतो आणि त्या वस्तूला जिवाणूंची गरज नाही. गंजात लाकडाचे तंतू, कापडाचा ठसा किंवा चामडे अडकले असेल, तर हात लावू नये. तो पुरावा थराबरोबर विरघळून जाईल. मोठ्या तोफेसाठी हा मार्ग आज नाही. जिवाणूंचे काम मुख्यतः पृष्ठभागाच्या थरात चालते आणि धातूलगतचे क्लोराइड सगळे निघेलच असे नाही. म्हणून उपचारानंतरही वस्तू सिलिका जेलसह हवाबंद डब्यातच राहील. तिच्याबरोबर उपचार झालेली पट्टी मात्र मुद्दाम ८० टक्के आर्द्रतेच्या बंद पेटीत दोन आठवडे ठेवा आणि दर दोन-तीन दिवसांनी भिंगाखाली पाहा. टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी ठिपके उठले, तर क्लोराइड आत शिल्लक आहे, आणि मूळ वस्तूला अल्कधर्मी स्नान द्यावेच लागेल. नमस्कार.