शेजारी बसून केलेली शिकार

आजच्या व्याख्यानासाठी मी संयोजकांना जो विषय कळवला होता, तो थोडक्यात असा : ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीची ‘मॉन्स्टर हंटर’ ही प्रचंड श्वापदांच्या शिकारीची व्हिडिओ खेळमालिका २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर सुरू झाली तेव्हा तिचे चाहते मोजकेच होते, तीच मालिका पुढच्या वर्षी पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आली आणि पाच वर्षांत जपानभर पसरली, हे कशामुळे घडले? याचे नेहमीचे उत्तर असे की, जपानी माणसाचा बराच वेळ रेल्वेत जातो आणि तिथे खिशातले यंत्र सोयीचे पडते. मला हे उत्तर अपुरे वाटते, कारण रेल्वेत एकट्याने खेळण्याजोगे शेकडो खेळ त्या यंत्रावर होते आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही वाट्याला असे वेड आले नाही. माझे म्हणणे असे आहे की, हा खेळ खेळणाऱ्यापासून एक गोष्ट जाणूनबुजून लपवतो, आणि ती लपवल्यामुळेच त्याला शेजारी बसलेल्या दुसऱ्या माणसाची गरज पडते.

लपवलेली गोष्ट तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. बहुतेक लढाईच्या खेळांत शत्रूच्या डोक्यावर किंवा पडद्याच्या वरच्या कडेला एक पट्टी असते, प्रत्येक घावाबरोबर ती आखडत जाते आणि शत्रूत किती जीव उरला आहे ते आपल्याला दिसत राहते. येथे ती पट्टी नाही. तुमची स्वतःची आहे, तुमच्या सोबत्यांची आहे, पण ज्याच्याशी गाठ पडली आहे त्या श्वापदाची नाही. पन्नास मिनिटांची मुदत, पाठीवर एक अवजड हत्यार, धार लावायचा दगड, काही औषधाच्या बाटल्या आणि समोर घराएवढा प्राणी. तो दमला आहे की नुसता थांबला आहे, चिडला आहे की घाबरला आहे, मरायला टेकला आहे की अजून निम्माही झालेला नाही, हे सगळे त्याच्या अंगावरूनच ओळखायचे. शिवाय अनुभवाचे गुण साठवून शिकाऱ्याची ताकद आपोआप वाढण्याची सोयही नाही. हत्यार आणि चिलखत सुधारते, ते मारलेल्या प्राण्यांच्या खवल्या-हाडांतून; बाकी जे सुधारायचे ते खेळणाऱ्याच्या नजरेत आणि बोटांतच सुधारायचे असते.

खेळ ही नजर कशी घडवतो, याचे पहिले उदाहरण म्हणजे यान कुट-कू. गुलाबी खवल्यांचा, रुंद चोचीचा आणि पंख्यासारख्या मोठ्या कानांचा हा प्राणी नवशिक्यांच्या वाट्याला सुरुवातीलाच येतो. जपानी खेळाडू त्याला आदराने ‘कुक सेन्सेई’, म्हणजे कुक गुरुजी, म्हणतात. तो रागावला की तोंडातून ज्वाळा फुटतात आणि त्याच्या हालचाली जास्त वेगाने होऊ लागतात. जवळच मोठा आवाज झाला की तो क्षणभर भांबावतो आणि मग चवताळतो. पण त्याने दिलेला सर्वांत मोलाचा धडा कानांचा आहे. एरवी ताठ उभारलेले ते कान त्याचा जीव संपत आला की मिटतात. कोणतीही सूचना येत नाही, घंटा वाजत नाही, पडद्यावर एक अक्षरही उमटत नाही. लक्ष असेल त्याला कान मिटलेले दिसतात, नसेल तो आणखी दहा मिनिटे निष्कारण हत्यार चालवत राहतो. मला या खेळाविषयी जे प्रेम आहे त्याचा उगम त्या मिटलेल्या कानांत आहे, असे मी अगदी मोकळेपणाने सांगेन.

दुसरे उदाहरण टिगरेक्सचे, आणि त्याच्यासाठी मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण २००७ सालचा ‘पोर्टेबल सेकंड’ हा पीएसपीवरचा भाग या एका प्राण्याभोवती किती विचारपूर्वक बांधला आहे, हे फारसे बोलले जात नाही. खेळ सुरू होतो तो बर्फाळ डोंगरात. तिथे टिगरेक्स तुमच्यावर झडप घालतो, तुम्ही कड्यावरून खाली कोसळता आणि पोक्के गावातल्या लोकांनी वाचवल्यामुळे तिथल्या घरात शुद्धीवर येता. त्यानंतरची कामे साधी असतात : वनस्पती गोळा करा, छोटे प्राणी मारा. त्यांतच एक काम असते पोपोच्या जिभा आणण्याचे. पोपो हा दाट केसांचा, हत्तीसारखा धिप्पाड पण निरुपद्रवी प्राणी आहे. तुम्ही निश्चिंत मनाने वर चढता, पोपो मारता, आणि त्याच बर्फात टिगरेक्स पुन्हा तुमच्यासमोर उभा राहतो, कारण पोपो हे त्याचेही खाद्य आहे आणि त्यासाठीच वाळवंटातला हा प्राणी इतक्या थंडीत येतो. त्या वेळी तुमच्या हातात जे हत्यार असते त्याने त्याला ओरखडाही उठत नाही. पळून जाणे हेच योग्य उत्तर असते आणि खेळ ते तुम्हाला सांगत नाही. पुढे कित्येक तासांनी, चांगले चिलखत अंगावर चढल्यावर, अधिकृतपणे त्याच्या शिकारीचे काम हाती येते.

ती शिकार ज्यांनी केली आहे त्यांना त्याचे पुढचे पाय आठवत असतील. टिगरेक्स चारही पायांवर सरपटत, सगळे अंग जमिनीलगत झोकून देत धावतो. पहिली धाव चुकवली की नवशिका सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पाठ वळवून औषधाची बाटली उघडतो. पण टिगरेक्स धावता धावता वळून पुन्हा त्याच्यावर येतो, आणि या खेळात औषध प्यायल्यावर शिकारी दोन्ही हात वर करून दंड फुगवतो, त्या दोन सेकंदांत त्याला जागचे हलता येत नाही. चिडल्यावर त्या पुढच्या पायांवर आणि डोक्यावर लाल शिरा तटतटून उठतात. त्या दिसल्या की मारायला जायचे नाही, हा नियम कुठे लिहिलेला नाही. तो धावत येताना तुमच्या पाठीशी योग्य भिंत असेल आणि तुम्ही ऐन वेळी बाजूला झालात, तर त्याचे दात खडकात रुततात आणि तो काही क्षण तिथेच अडकून पडतो. दात रुतण्याची ही युक्ती कोणी शोधून काढली, कोणी कोणाला दाखवली, याच्या कहाण्या प्रत्येक मित्रमंडळात वेगळ्या असतील. पण बहुतेकांना ती कोणी तरी दाखवली होती, हे माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

आता माझी तक्रार. प्लेसिऑथचे नाव घेण्याआधीच मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला, त्यावरून सभागृहात जाणकार बसले आहेत हे कळले. प्लेसिऑथ हा पाण्यात राहणारा, माशाच्या पंखांचा प्रचंड प्राणी आहे. त्याला बेडकाचे आमिष लावून गळाने काठावर ओढता येते, आणि ते दृश्य या मालिकेतल्या सर्वांत आनंददायक दृश्यांपैकी एक आहे. पण काठावर आल्यावर तो कमरेने एक धक्का मारतो, आणि त्या धक्क्याची मर्यादा, म्हणजे ज्याला आपण हिटबॉक्स म्हणतो ती, त्याच्या दिसणाऱ्या शरीराच्या कितीतरी बाहेर पसरलेली आहे. तुम्ही त्याच्या पोटाखाली उभे असा, शेपटीपाशी असा, त्याच्या अंगाला तुमचा स्पर्शही झालेला नसो, तरी तुम्ही दूर फेकले जाता. मला मार बसल्याचे दुःख नाही, टिगरेक्सने मला याहून कितीतरी अधिक मारले आहे. दुःख याचे आहे की, ज्या खेळाने प्राण्याच्या अंगाकडे बघायला शिकवले, ‘डोळ्यांवर विश्वास ठेव’ असे वचन दिले, त्याच खेळात हा एक प्राणी असा आहे की ज्याच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलेले खरे नसते. कुट-कूच्या कानांइतका बारीक तपशील ज्यांना सुचला, त्यांच्या हातून हे राहून जावे आणि एकामागून एक भागांत तसेच चालू राहावे, याचे मला आजही मनापासून वाईट वाटते. अशा वेळी एकट्याने खेळणारा यंत्र बंद करून ठेवतो. शेजारी कोणी असेल तर निदान ‘तुला लागलं का ते? मला तर लांब दिसत होता’ असे विचारता तरी येते, आणि दोघांनी मिळून तो अन्याय वाटून घेता येतो.

पीएसपीच्या रचनेविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या यंत्रावर चालण्यासाठी डाव्या अंगठ्याखाली एकच सरकती चकती होती. दृष्टीची दिशा फिरवण्यासाठी उजवीकडे दुसरी चकती नव्हती. म्हणून कॅमेरा चकतीच्या वर असलेल्या चार दिशांच्या बटणांवर दिला होता, आणि धावता धावता मागे वळून बघायचे असेल तर डाव्या हाताची तर्जनी आकड्यासारखी वाकवून त्या बटणांवर आणावी लागे. जपानमध्ये या पकडीला मालिकेच्याच नावाने ओळखतात. तास दीड तास असे खेळल्यावर बोटाच्या पेरात जी कळ यायची ती ज्यांनी अनुभवली आहे, त्यांनी आत्ता नकळत डाव्या हाताची बोटे चोळली असतील. डिसेंबर २०११ मध्ये ही मालिका निन्टेंडो थ्रीडीएसवर गेली, तेव्हा त्याच दिवशी उजव्या अंगठ्यासाठी दुसरी चकती असलेले जोडयंत्र वेगळे विकायला ठेवावे लागले, यावरून ही अडचण किती खरी होती हे लक्षात येईल.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली आहेत, आणि मूळ विषयाला मी अजून हात घातलेला नाही. तेव्हा मुख्य मुद्दा आता थोडक्यात मांडते.

प्लेस्टेशन २ च्या काळातही चौघांनी मिळून शिकार करता येत होती, पण त्यासाठी जोडणीचे सामान, इंटरनेट आणि जपानमध्ये पैसे भरून घ्यायची वेगळी सेवा लागत असे. शिवाय सोबती कुठे तरी दुसऱ्या शहरात, आणि त्याच्याशी बोलायचे तर अक्षरे टाइप करून. पीएसपीवर यांपैकी काहीच लागत नव्हते. चार यंत्रे एकमेकांजवळ आणली की ती थेट एकमेकांशी जोडली जात, इंटरनेट नसले तरी. याचा अर्थ असा की, चार खेळाडू एकमेकांना ऐकू जाईल इतक्या अंतरावर बसलेले असणे ही खेळाची अटच झाली. मालिकेचा जपानमधला प्रचारही ‘चला, एक शिकार करून येऊ’ अशा, मित्राने मित्राला घातलेल्या सादेवरच उभा होता.

आता यात लपवलेल्या पट्टीची भर घाला. श्वापद लंगडायला लागले, म्हणजे ते आता झोपायला आपल्या गुहेकडे जाणार आणि तिथे सापळा लावून जिवंत पकडता येणार, हे चौघांपैकी एकाच्याच पडद्यावर नीट दिसत असते. दुसरा धार लावत असतो, तिसरा धुळीतून उठत असतो. म्हणून ज्याला दिसले त्याने मोठ्याने सांगायचे असते. आम्ही कॉलेजच्या वसतिगृहात दोघीजणी खेळायचो तेव्हा ‘अगं, लंगडतोय! आता मारू नकोस, सापळा काढ!’ हे वाक्य शेजारच्या खोलीतल्यांनाही पाठ झाले होते. त्यात आणखी एक नियम मिळवा : तीनदा कोणी बेशुद्ध पडले की शिकार फसते, आणि ही तीनची मर्यादा प्रत्येकाला वेगळी नसून चौघांत मिळून एकच असते. एकाच्या निष्काळजीपणाने चौघांचे इनाम कमी होते. त्यामुळे जो नवखा आहे त्याला जपणे, त्याच्यासाठी सगळ्यांना बरे करणारी पूड उधळणे, शिंग फुंकून त्याचे बळ वाढवणे, हे सगळे आपल्याच हिताचे ठरते, आणि त्याला शिकवणे त्याहून हिताचे ठरते.

आकडे पाहिले तर २००८ सालच्या ‘पोर्टेबल सेकंड जी’ने पीएसपीच्या इतिहासात जपानमध्ये प्रथमच वीस लाखांचा टप्पा गाठला, आणि डिसेंबर २०१० च्या ‘पोर्टेबल थर्ड’ने चाळीस लाख ओलांडले. त्याच वर्षांत बाहेरच्या देशांत ही मालिका तशी पोचली नाही. खेळ तोच होता, ‘पोर्टेबल सेकंड जी’ इंग्रजीतही आला होता. पण जिथे चार यंत्रे एका जागी जमणे दुरापास्त होते, तिथे तो एकट्याने, पट्टी नसलेल्या श्वापदापुढे खेळावा लागला. आपल्याकडेही तेच झाले. माझ्या ओळखीत पीएसपी असलेले अनेक जण होते, पण हा खेळ शेवटपर्यंत गेला तो ज्यांना सोबत मिळाली त्यांचाच.

२०१८ च्या ‘मॉन्स्टर हंटर वर्ल्ड’पासून मालिका जगभर गेली आणि तिच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. तिथे इंटरनेटवर अनोळखी सोबती क्षणात मिळतात, चालता चालता औषध पिता येते, काजव्यांसारखे किडे श्वापदाची वाट दाखवतात. पट्टी अजूनही नाही, पण प्राणी मरायला टेकला की नकाशावर कवटीचे चिन्ह उमटते, आणि ते चौघांनाही एकदमच दिसते. अनोळखी माणसांशी फारसे बोलणे होत नाही, म्हणून ते चिन्ह आवश्यक झाले, हे मला मान्य आहे. पण पीएसपीवर जी गोष्ट शेजाऱ्याने ओरडून सांगावी लागत असे, ती आता पडदा सांगतो. आणि पीएसपीवरच्या भागांचे यश ज्या बोलण्यावर उभे होते, ते बोलणे त्यामुळे अनावश्यक झाले. २०२१ मध्ये ‘राइज’ निन्टेंडो स्विचवर आला, तेव्हा चौघांनी यंत्रे जवळ आणून खेळण्याची जुनी सोय त्यात पुन्हा होती. मात्र ती वापरायला चौघांनी एका खोलीत बसावे, असे दिवस कोविडच्या साथीमुळे तेव्हा नव्हते. ती सोय आता वापरून पाहण्याजोगी आहे, आणि तशी खेळताना प्राणी कमजोर झाल्याच्या खुणेकडे न बघता, केवळ त्याच्या चालीवरून कोण आधी ओळखतो ते पाहावे, एवढे सांगून मी प्रश्नांसाठी थांबते.