दोन इंजिनं, एक गिअरबॉक्स

[दृश्य: हँगरचा दरवाजा सरकतो. आत नुकतंच रंगवलेलं जुनं हेलिकॉप्टर.]

रंग ताजा आहे. सीटांवरचं चामडंही नवं. हेलिकॉप्टर विकायला काढलंय, आणि ते तपासायला आलेला इंजिनिअर अजून त्याच्याजवळ फिरकलेलाही नाही. तो कोपऱ्यातल्या टेबलापाशी बसलाय, पुढ्यात फायलींचा ढीग घेऊन.

जुनी मोटार घेताना आपण आधी बॉनेट उघडतो. इथे आधी कागद उघडायचे. कारण अख्खं हेलिकॉप्टर एका वयाचं कधीच नसतं. सांगाडा चाळीस वर्षांचा, इंजिनांची ताकद डोक्यावरच्या फिरत्या पात्यांना, म्हणजे रोटरला, पोचवणारा मुख्य गिअरबॉक्स भलत्याच हेलिकॉप्टरमधून काढून बसवलेला, डावं इंजिन परवाच ओव्हरहॉल होऊन, म्हणजे पूर्ण उघडून दुरुस्त होऊन आलेलं आणि उजवं ओव्हरहॉलच्या उंबरठ्यावर. सगळ्यांचे हिशेब वेगवेगळे.

रोटरचा हब (पाती जोडलेला मधला भाग), मास्ट (रोटर फिरवणारा उभा दांडा), टेल रोटरचे, म्हणजे शेपटीवरच्या छोट्या रोटरचे काही भाग यांचं आयुष्य कारखान्यानेच ठरवून दिलेलं असतं. तास भरले की भाग काढायचा, मग तो कितीही लखलखीत दिसो. इंजिनातल्या टर्बाइनच्या चकत्यांचा हिशेब तासांवर भागत नाही. प्रत्येक वेळी इंजिन सुरू होतं, तापतं, थंड होतं, आणि त्या प्रत्येक फेरीला धातू थोडा थकतो. बेल 212 सारख्या यंत्रात तर मास्टचं आयुष्य मोजताना किती वेळा उड्डाण झालं, किती वेळा खाली भार लटकवून उचलला, हेही धरतात. म्हणजे जंगलातून दिवसभर ओंडके वाहणारं आणि चार माणसांना घेऊन निवांत जाणारं, अशा दोन हेलिकॉप्टरांचे तास सारखे असले तरी ती सारखी नाहीत. विकणारा तास सांगतो. फेऱ्या आपण विचारायच्या.

आणि ज्या भागाचा कागद मध्येच तुटलाय, तो भाग भंगारात जमा. हे ऐकायला निर्दयी वाटतं. पण त्या भागाने किती सोसलंय हे सांगणारा दुसरा साक्षीदार नाही.

[दृश्य: इंजिनांवरची झाकणं उघडली जातात.]

मग लोक दोन टर्बाइन इंजिनांचं हेलिकॉप्टर का शोधतात? 1967 साली जर्मनीत बीओ 105 पहिल्यांदा उडालं, तेव्हा एवढ्या लहान यंत्राला दोन टर्बाइन ही नवलाईच होती. आज समुद्रावर, रात्री, रुग्णालयाच्या गच्चीवर अशी दोन इंजिनांची यंत्रं उतरतात. एक इंजिन बंद पडलं तर फ्रीव्हील क्लच त्याला रोटरपासून सोडवतो आणि दुसरं भार पेलतं. मात्र किती वेळ? वाढीव ताकदीची मुदत ठरलेली असते; कुठे अडीच मिनिटं, कुठे तीस. उन्हाच्या दिवशी, उंचावर, पूर्ण वजन घेऊन कित्येक जुन्या यंत्रांना एका इंजिनावर उंची टिकवता येत नाही. दुसरं इंजिन सुखरूप उतरवेल की फक्त उतरायची जागा शोधायला उसंत देईल, ते फ्लाइट मॅन्युअलमधल्या आलेखांवर दिसतं. सौदा करण्याआधी आपल्या कामाचं वजन आणि आपल्याकडचं तापमान घेऊन ते आलेख वाचावेत, असं मी कळकळीने सांगेन.

एक गोष्ट मात्र दोन नसते. मुख्य गिअरबॉक्स.

29 एप्रिल 2016. नॉर्वेतल्या तुरॉय बेटाजवळ ईसी 225 जातीच्या हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर हवेतच निखळला. तेरा जण गेले. दोष इंजिनांचा नव्हता. गिअरबॉक्समधल्या एका दातेरी चाकात भेग वाढत गेली होती आणि ती कुणाला कळली नाही. तोच गिअरबॉक्स आदल्या वर्षी ट्रकमधून नेताना रस्ता अपघातात सापडला होता, मग दुरुस्त होऊन परत आला होता. त्या अपघाताचा भेगेशी संबंध असल्याचा पुरावा चौकशीत मिळाला नाही. तरीही हा अहवाल वाचल्यापासून कुठलाही जुना गिअरबॉक्स पाहिला की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो: हा आजवर कुठे कुठे होता?

[दृश्य: हातमोजा काढलेला हात. बोटांत छोटा चुंबकी प्लग.]

हा चिप डिटेक्टर. तेलात झिजलेलं लोखंड याला येऊन चिकटतं. इंजिनिअर ते बोटावर घासून पाहतो. काजळीसारखी भुकटी असेल तर बहुधा रोजची झीज. नखाला पापुद्रा लागला, तर तपासणी तिथेच थांबते. तुरॉयच्या गिअरबॉक्सने मात्र असा इशाराही दिला नव्हता, म्हणून नुसत्या प्लगवर विसंबून कुणी सही करत नाही. पुढे बोरस्कोप, म्हणजे आत डोकावणारी बारीक दुर्बीण, टर्बाइनच्या पोटात जातो. रोटरच्या फायबरच्या पात्यांवर नाण्याने टकटक करतात; थर सुटला असेल तिथे आवाज बद्द येतो. समुद्रावर राबलेल्या यंत्राच्या फरशा उचलाव्याच लागतात, मीठ खालीच साचतं.

ही तपासणी विकणाऱ्याच्या नेहमीच्या वर्कशॉपमध्ये करू नये. कर्जाचा बोजा, दोन इंजिनांच्या दोन ओव्हरहॉलची तजवीज, उड्डाणाच्या तासामागे पैसे भरायचा देखभालीचा करार नव्या मालकाच्या नावावर होतो का, हे वकिलाने आणि हिशेबनिसाने पाहायचं.

[दृश्य: पुन्हा टेबल. दिवस कलला आहे.]

इंजिनिअरचं बोट एका कार्डावर थांबलंय. टेल रोटरचा गिअरबॉक्स. एका हेलिकॉप्टरमधून मार्चमध्ये काढला, दुसऱ्यात ऑक्टोबरमध्ये बसवला. मधल्या सात महिन्यांची एकही नोंद नाही. तो पानाला पिवळी चिठ्ठी लावतो आणि विकणाऱ्याला फोन लावतो.