हिडकलच्या पाण्यावर बॅटरीची होडी

(निवेदन)

[दृश्य : पहाट. वरून दिसणारं जलाशयाचं पाणी, एक होडी.]

बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी तालुक्यातलं हिडकल धरण. सरकारी कागदावर राजा लखमगौडा जलाशय. घटप्रभेवरच्या या धरणात 51 टीएमसी पाणी मावतं. नदी निघते चंदगडच्या बाजूला सह्याद्रीत, ताम्रपर्णीला घेत, सीमा ओलांडत इथं येऊन ऐसपैस पसरते. पाऊस महाराष्ट्राचा, पाणी कर्नाटकाचं, आणि दड्डीच्या बाजूला काठावर बोलली जाणारी भाषा मराठी. हेच पाणी पुढं नळानं बेळगाव शहरात जातं. पेट्रोलच्या इंजिनातून सांडलेल्या तेलाचा तवंग कुणाच्या हंड्यात जातो, हे बेळगावकरांना वेगळं सांगायला नको.

या होडीला मागं मोटार आहे, पण ती विजेची. ऐका. वल्ह्याचा आवाज नाही आणि इंजिनाचाही नाही.

[दृश्य : बेळगाव. बॅटरीच्या दुकानातलं काउंटर.]

दुकानात संभाषण नेहमी एकाच वाटेनं जातं.

“दादा, पंचावन्न पौंडाची मोटार मिळंल काय?”

“मिळंल की. बॅटरी कुठली लावणार मामा?”

“घरातली हाय की, इन्व्हर्टरची.”

“आणि चार्जिंग?”

इथं मामा गप्प.

मोटार डोळ्यांत भरते म्हणून ती आधी घेतली जाते. उरलेल्या पैशात बॅटरी, आणि चार्जर जमलंच तर. खरा हिशेब उलट्या बाजूनं सुरू होतो. घरी प्लग कुठं आहे, वीज किती तास टिकते, बॅटरी उचलून काठापर्यंत न्यायची कुणी, हे आधी. मोटार सगळ्यात शेवटी.

[दृश्य : काठावर होडीत सामान भरणं. जाळी, बर्फाची पेटी, डबा, दोन माणसं.]

तरी मोटारीचा आकडा समजून घेऊ, कारण दुकानात भांडण त्यावरूनच होतं. या मोटारींचा जोर पौंडात सांगतात. किमान हिशेब असा : भरलेल्या होडीच्या दर 100 किलो वजनाला 2 किलो जोर. फायबरची होडी, दोन माणसं, ओली जाळी, बर्फ, बॅटरी आणि परतीचे मासे मिळून 400 किलो धरले, तर 8 किलो, म्हणजे 18 पौंड झाले. पण हा आकडा शांत पाण्याचा. आषाढात पश्चिमेचा वारा समोरून आला की 18 पौंडाची मोटार होडीला जागच्या जागी धरून ठेवण्यातच दमते. म्हणून इथल्या होडीला 40 ते 55 पौंड ठीक. 55 पौंड म्हणजे साधारण 25 किलो जोर. 12 व्होल्टच्या एका बॅटरीवर मोटारी साधारण इथपर्यंतच येतात. 80 पौंडाला 24 व्होल्ट लागतात, म्हणजे दोन बॅटऱ्या. आणि जोर वाढला म्हणून वेग त्या मानानं वाढत नाही. या मोटारींचा पंखा हळू चालण्यासाठीच घडवलेला असतो. मोठी मोटार घेऊन शेजाऱ्याच्या पुढं जाईन म्हणणाऱ्यानं हे आधी ऐकून घ्यावं.

[दृश्य : जवळून. तारेभोवती अडकवलेला क्लॅम्प मीटर, आकडा चढताना.]

आता तारेतली वीज मोजणाऱ्या मीटरकडं बघा. मोटारीची वेग ठरवणारी मूठ हळूहळू पिळली जाते. 6 अँपिअर. 11. 18. होडी चालायला लागली आहे, पाणी नुसतं दुभंगतंय. मूठ आणखी पिळली. 30. 40. शेवटच्या टोकाला 50 च्या घरात. होडीच्या वेगात फरक थोडासाच, पण तारेला हात लावला तर ती कोमट लागते. पाणी कापायला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनानं वाढते, म्हणून शेवटचा एक किलोमीटर वेग सगळ्यात महाग. पाच ठरीव गियरच्या स्वस्त मोटारीत हळू चाललं तरी बरीच वीज उष्णतेत जाते. मूठ पिळून वेग सलग कमी-जास्त होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मोटारीत ती वाचते. दोन मोटारींमध्ये अडकलात तर जास्तीचे पैसे पौंडावर घालू नका, या मुठीवर घाला.

[दृश्य : मे महिना. उघडं पडलेलं तळ, भेगाळलेला गाळ, दोन माणसं काठीला बांधून बॅटरी वाहताना.]

मे महिन्यात पाणी खाली जातं आणि काठ गावापासून दूर सरकतो. दिवाळीच्या सुमारास जिथं होडी बांधली होती, तिथं आता बकऱ्या चरतात. घरापासून पाण्यापर्यंतची वाट भेगाळलेल्या गाळावरून. आणि खांद्यावर 150 अँपिअर-अवरची, म्हणजे तेवढी वीज साठवणारी, ट्युब्युलर बॅटरी, आम्लासकट पंचावन्न-साठ किलोची. दोघं काठीला बांधून नेतात. मध्ये एकदा टेकवतात, पाठ सरळ करतात, पुन्हा उचलतात. येताना हीच वाट चढाची.

घराघरांत इन्व्हर्टरला हीच बॅटरी असते, म्हणून ती पहिली सुचते. सुचणं चूक नाही. ट्युब्युलर बॅटरी खोलवर रिकामी होऊन पुन्हा भरण्यासाठीच बनलेली असते. ट्रॅक्टरची किंवा जीपची बॅटरी मात्र घेऊ नये. ती एका दणक्यात इंजिन उठवायला बनवलेली. तिला रोज अर्धं रिकामं केलं तर एक हंगामही कसाबसा निघतो. ई-रिक्षाची बॅटरी चालते, आणि ती आता तालुक्याच्या गावातही मिळते.

पण 150 हा आकडा पुरा वापरायचा नसतो. तो वीस तासांत हळूहळू काढलेल्या विजेचा हिशेब आहे. 50 अँपिअरनं ओढलं की बॅटरी त्याहून बरंच कमी देते. शिवाय अशी शिशाची बॅटरी अर्ध्याखाली नेली की तिचं आयुष्य झरझर घटतं. म्हणून 100 ची बॅटरी असेल तर हातात 50 च धरा. पूर्ण जोरात तासाभराच्या आतच खेळ आटोपतो. अर्ध्या मुठीवर 15 अँपिअरनं गेलात तर तीन तास मिळतात. जाळी दोन किलोमीटरवर असली तर जाऊन, जाळी ओढून परत येण्याला तेवढं पुरतं. दुकानदाराच्या तोंडचा “दिवसभर चालते” कुठल्या वेगाला, ते मात्र विचारून घ्या.

लिथियम आयर्न फॉस्फेटची 100 ची बॅटरी बारा-तेरा किलोची. एक माणूस एका हातात नेतो. तिच्यातलं ऐंशी-नव्वद टक्के वापरता येतं. पैसे बरेच जास्त, पण ही वाट चढताना बघितल्यावर जास्त कशाला म्हणायचं तेच कळेनासं होतं. दोन गोष्टी मात्र तपासायच्या. आत बसवलेलं रक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, किती अँपिअर सोडतं? सौर दिव्यासाठी बांधलेल्या स्वस्त बॅटरीत ते तीसवरच तोडतं, आणि 50 ओढणारी मोटार ऐन पाण्यात बंद. दुसरं म्हणजे शिशाची बॅटरी संपताना होडी मंदावते, अंदाज येतो. लिथियम शेवटपर्यंत ताठ चालते आणि एका क्षणात सोडते. वल्हं होडीत असलंच पाहिजे.

[दृश्य : घर. कोनाड्यात चार्जर. बॅटरीच्या झाकणातून हायड्रोमीटर.]

चार्जर हा या फिल्ममधला सगळ्यात दुर्लक्षित डबा. गॅरेजमधला साधा चार्जर कुठं थांबायचं ते ओळखत नाही. रात्रभर तसाच राहिला तर बॅटरीचं पाणी उकळतं, प्लेटा उघड्या पडतात. चांगला चार्जर आधी जोरात भरतो, मग व्होल्ट धरून अँपिअर कमी करत जातो, आणि भरल्यावर नुसतं राखून ठेवतो. ताकद बॅटरीच्या आकड्याच्या दहावा हिस्सा धरावी. 100 च्या बॅटरीला 10 अँपिअर. अर्धी रिकामी झालेली भरायला मग सात-आठ तास. रात्री वीज दोनदा गेली तर पहाटेची होडी अर्ध्या पोटी निघणार. म्हणूनच आधी प्लग बघायचा. लिथियमला चार्जरही लिथियमचाच, 14.6 व्होल्टला थांबणारा. शिशाच्या चार्जरमधली जास्त व्होल्टची सफाईची पायरी तिला सोसत नाही.

हायड्रोमीटरच्या, म्हणजे आम्लाची घनता मोजणाऱ्या, काचेच्या नळीत आम्ल वर आलंय. तरंगणारा काटा 1240 च्या आसपास थांबला तर ट्युब्युलर बॅटरी भरली. भरताना हायड्रोजन सुटतो, त्यामुळं चूल आणि चार्जर एका खोलीत नको. वीज बेभरवशाची असेल तर झोपडीवर 100 वॅटचं सोलर पॅनल, त्यातून चांगल्या उन्हात दिवसाला पंचवीस-तीस अँपिअर-अवर येतात. एका छोट्या फेरीपुरते.

[दृश्य : उद्यमबाग. ग्राइंडरच्या ठिणग्या, लोखंडी पट्टी वाकवली जाताना.]

मोटारीचा शिकंजा परदेशी होडीच्या मापाचा. इथल्या होडीची मागची फळी जाड, किंवा बुट्टीसारख्या गोल होडीला मागची बाजूच नाही. मग बेळगावच्या उद्यमबागेत. पंपाचे आणि क्रँकशाफ्टचे भाग करणाऱ्या या शेडमध्ये अशी पट्टी म्हणजे अर्ध्या तासाचं काम. माप आधी कागदावर खडूनं काढलं, फळीशी लावून बघितलं, पट्टी तापवून वाकवली, दोन भोकं पाडली, मधे रबर घातला. मोटारीचा दांडा एवढा लांब ठेवायचा की होडी रिकामी असतानाही पंखा पाण्याखाली वीतभर तरी राहील. वर राहिला तर हवा ओढतो, आवाज चढतो आणि होडी पुढं सरकत नाही. गोल बुट्टीला मोटार लावली की ती स्वतःभोवतीच फिरते, त्यामुळं तो नाद सोडलेला बरा.

[दृश्य : तारा, ब्रेकर, बोल्ट आवळणं.]

तार 16 चौरस मिलिमीटर तांब्याची. बॅटरीच्या प्लसपासून वीतभरात 60 अँपिअरचा ब्रेकर. घरगुती वायरिंगमधला एसी ब्रेकर इथं घालायचा नाही, डीसीचा हवा. बॅटरी लाकडी पेटीत, पट्ट्यानं बांधून, उभी. जुनी शिशाची बॅटरी विक्रेत्याला परत द्यावी, भंगारात फोडून आम्ल ओढ्यात जाऊ देऊ नये.

[दृश्य : जाळ्याजवळ. पंखा पाण्याबाहेर, मागं गुंडाळलेला दोरा.]

जाळ्याजवळ मोटार बंद करून दांडा वर उचलायचा आणि वल्ह्यानं जायचं. एवढं करूनही नायलॉनचा दोरा पंख्याच्या मागं शिरतोच. वरून दिसत नाही. नट काढा, पंखा ओढा, आणि बघा : केसासारखा बारीक दोरा दांड्याभोवती घट्ट बसलाय. तो आतल्या रबरी सीलमध्ये शिरला की मोटारीत पाणी, आणि मग सगळाच खर्च पाण्यात. चिमट्यानं एकेक फेरा सोडवायचा, ब्लेड घालायचं नाही, सील कापलं जातं. पंख्याच्या मागं आडवी पिन असते. दगडाला किंवा बुंध्याला आदळला की ती तुटते आणि मोटार वाचते. मे महिन्यात पाणी उतरल्यावर ती बरेचदा तुटते, म्हणून दोन जादा पिना आणि नटाच्या मापाचा पाना होडीतच, बॅटरीच्या पेटीला बांधून ठेवलेला.