सगळे निकष पूर्ण, तरी युरोपीय संघाचं दार बंद! असं का?

नमस्कार मंडळी. जून २०२२ मध्ये युक्रेनला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून एकच प्रश्न सारखा येतोय: "अटी पूर्ण केल्या की युरोपीय संघाला प्रवेश द्यावाच लागतो ना?" नाही, द्यावा लागत नाही.

अटी भराभर सांगते, त्या बहुतेकांना माहीत आहेत. १९९३ चे कोपनहेगन निकष: लोकशाही, कायद्याचं राज्य आणि अल्पसंख्याकांचं संरक्षण, स्पर्धेत टिकणारी बाजारव्यवस्था, आणि संघाचे सगळे कायदे लागू करायची ताकद. त्या कायद्यांची ३५ प्रकरणं आहेत. पश्चिम बाल्कन देशांना (उत्तर मॅसेडोनिया, अल्बानिया वगैरे) आणखी एक अट आहे, शेजाऱ्यांशी चांगले संबंध.

आता नीट ऐका. निकष तपासतो युरोपीय आयोग, म्हणजे संघाची कार्यकारी यंत्रणा, पण निर्णय घेतात सदस्य देश, आणि तोही एकमताने. २०२० पासून प्रकरणांचे सहा गट केलेत. गट उघडायचा? सत्तावीसही देशांचा होकार हवा. त्यातलं एखादं प्रकरण बंद करायचं? पुन्हा सत्तावीस. म्हणजे ज्याच्याशी तुमचं भांडण आहे, तो शेजारी आधीच आत बसलेला असेल, तर दर पायरीवर त्याच्या हातात कुलूप आहे.

उत्तर मॅसेडोनिया बघा. २००५ मध्ये उमेदवार. २००९ पासून आयोग म्हणत होता, वाटाघाटी सुरू करा. ग्रीसचा आक्षेप देशाच्या नावालाच, कारण मॅसेडोनिया हा ग्रीसचाही प्रांत. २०१८ मध्ये ग्रीसशी प्रेस्पा करार झाला आणि त्यानुसार देशाने नाव बदललं. पासपोर्ट बदलले, गाड्यांच्या पाट्यांवरचं 'एमके' जाऊन 'एनएमके' आलं. एवढं करून २०१९ मध्ये फ्रान्स आडवा आला, २०२० मध्ये बल्गेरिया. बल्गेरियाचा वाद भाषेचा आणि इतिहासाचा: गोत्से देल्चेव्ह हा क्रांतिकारक नेमका कोणाचा, बल्गेरियाचा की मॅसेडोनियाचा? २०२२ च्या तोडग्यात अट आली की उत्तर मॅसेडोनियाने आपल्या राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख करावा. त्यासाठी १२० पैकी ८० खासदार लागतात, आणि तेवढे जमत नाहीत. २०२४ मध्ये आलेलं सरकार हमी मागतंय की यानंतर नवी मागणी येणार नाही. मला ही मागणी रास्त वाटते. आणि सोबत निघालेला अल्बानिया? त्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये पहिला गट उघडलासुद्धा.

"मग क्रोएशिया कसा आत गेला?" ही कमेंट दर वेळी असते. पिरानच्या आखातातल्या सागरी सीमेवरून स्लोव्हेनियाने २००८ मध्ये त्याला अडवलं होतं. २००९ मध्ये दोघांनी वाद लवादाकडे सोपवला, वाटाघाटी मोकळ्या झाल्या, २०१३ मध्ये क्रोएशिया सदस्य. सागरी सीमा नकाशावर मोजता येते, तिचा निवाडा लवाद देऊ शकतो. देल्चेव्ह कोणाचा, हे कुठला लवाद ठरवणार?

काहीजण सुचवतात, मधल्या पायऱ्या बहुमताने ठरवा. तसा प्रस्ताव चर्चेत आहे, आणि तो व्हायला हवा. पण शेवटचा प्रवेश-करार तरीही प्रत्येक सदस्य देशाला आपल्या घटनेप्रमाणे मंजूर करावा लागेल. म्हणजे तिथे पुन्हा सत्तावीस.